पडद्याआडचं दार

दिवाळीच्या पणत्या माळ्यावर गेल्या की आमच्या अकोल्याच्या हवेत कापूस येतो. अगदी खराच येतो. सरकी काढणाऱ्या जिनांचे भोंगे सुरू होतात, रस्त्याला बंड्यांची रांग लागते, बैलांच्या घंटा वाजत राहतात आणि कुठून तरी एखादा पांढरा तंतू तरंगत घरात शिरतो. दुधाच्या सायीवर बसतो, समईला चिकटतो, दुपारी लवंडलेल्या माणसाच्या भुवईवर बसून त्याला क्षणात म्हातारा करून टाकतो. काल सकाळी असाच एक माझ्या चष्म्यावर येऊन बसला. मला नुकतीच चाळिशी लागली आहे, त्यामुळे आधी वाटलं की डोळाच बिघडला. मग चष्मा काढला, फुंकर मारली, आणि काही कारण नसताना उठून मागचं दार नीट उघडतं का ते बघून आले.

घरात माझ्या या सवयीची यथेच्छ चेष्टा होते. कापूस आला की आई दारं तपासते, असं मुलं म्हणतात. म्हणू देत. कुणाकडे गेले तर चहा येण्याआधी माझं लक्ष मागच्या दाराकडे जातं. लग्नाला गेले की नवरी कशी आहे ते मला सगळ्यांच्या शेवटी कळतं, कारण तोवर मी मांडवाला वाटा किती आणि कुठे ते बघत असते. एकदा तर यजमानीणबाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "घाई झाली का वं? मोरी तिकडं आहे."

या सवयीला एक हंगाम कारण आहे. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, नव्या पैशांचा हिशेब अजून बाजारात भांडणं लावत होता, आणि त्या वर्षी कापूस उदंड पिकला होता. कापूस पिकला की वऱ्हाडात दोन गोष्टी भरतात, जिनं आणि टॉकीज. आमची टॉकीज होती. मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. ती मुळात एका जुन्या जिनाचं गोदाम होती. वर पत्रे. पावसाळ्यात पत्र्यावर सर वाजली की नायिकेचं रडणं ऐकू येत नसे, म्हणून मामंजींनी पत्र्याखाली तरटाचं छत शिवून घेतलं होतं. पलीकडच्या अंगणात दुसरं जिन चालू असे, आणि त्याची रुई पत्र्याच्या फटींतून येऊन वर्षानुवर्षं त्या तरटाच्या विणीत अडकत राहिली. मान वर केली तर छताला पांढरी लव फुटल्यासारखी दिसे. आम्हा बायकांना तर ते आवडायचंच. ढगाखाली बसल्यासारखं वाटे.

बायकांची बसायची जागा डावीकडे, पुढच्या अंगाला. पुरुषांच्या आणि आमच्या मध्ये कमरेएवढी फळ्यांची भिंत, आणि तिच्यावर कड्यांवर सरकणारं काळं कापड. दिवे गेले की गयाबाई ते कापड उघडायची. मध्यंतरात उजेड झाला की सर्रकन ओढून घ्यायची, म्हणजे पलीकडच्या नजरा पलीकडेच राहत. गयाबाई आमच्या बाजूची राखण. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यापासून तिच्या आवाजाला वेगळीच धार आली होती. देवाचा सिनेमा लागला की काही बाया पडद्यापुढे नारळ फोडायला निघायच्या, त्यांना ती सांगे, "नारळ बाहीर फोडा. इथं फक्त पाहाचं." आणि बाया मुकाट्याने नारळ पिशवीत ठेवायच्या.

आम्हाला जायला-यायला पडद्याच्या डाव्या अंगाला एक वेगळं दार होतं. ते गल्लीत उघडे. खेळ सुटला की पुरुष पुढच्या फाटकातून बाहेर पडून, वळसा घालून गल्लीत येऊन उभे राहत, आणि गयाबाई दारात उभी राहून हाका मारी: "लोहाराच्या घरचे. पाटलाच्या घरचे. मास्तराच्या घरचे." ज्यांचा माणूस आला त्यांनी उठायचं. नाव घेऊन बाईला हाक मारायची रीत नव्हती, आणि हाक आल्याशिवाय उठायची तर नव्हतीच.

त्या गल्लीच्या पलीकडे आमचं घर. त्यामुळे सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, ते दार म्हणजे स्वयंपाकघराचीच वाढीव चौकट वाटायची. त्या सिनेमा बघता बघता डाळीला फोडणी देऊन येत. मध्यंतरात दूध उतरवून येत. एकदा नायिका विहिरीत उडी घेणार, एवढ्यात त्या उठल्या आणि म्हणाल्या, "पडू दे तिले, मी भात पाहून येतो."

त्या वर्षी माझी नणंद शांता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पोट वर आलेलं, पाय सुजलेले, आणि घरात बसवत नाही म्हणून दुपारी तीनचा खेळ रोज हवा. तिला नेणं-आणणं माझ्याकडे. "सुनबाई, पोरगी जड आहे. गर्दीत जाऊ देजो नोको," एवढंच आत्याबाईंनी मला सांगितलं होतं. दार पाचसहा पावलांवर आणि घर दारासमोर. मला त्यात जबाबदारीसारखं काही वाटलं नाही. उलट फुकटात सिनेमा बघायला मिळतो याचाच आनंद.

आमचे मशीन चालवणारे कादरभाई. आमच्याकडे येण्यापूर्वी ते फिरत्या तंबूबरोबर गावोगाव हिंडले होते. फिल्मपुढे लोखंडाची एक लहानशी पट्टी बसते, तिला खिडकीसारखं भोक असतं, आणि त्या भोकाएवढंच चित्र पडद्यावर पोचतं. कादरभाई तिला पलेट म्हणत. नव्या गावी गेलं की तिथला पडदा पाहून ते कानशीने नवी पलेट घासत. रिद्धपूरच्या जत्रेत पडदा धोतरं जोडून केलेला, मध्ये पोट सुटलेला. त्याची पलेट वेगळी. बार्शीटाकळीला बाजाराच्या दिवशी तंबू पडे, तिथली जमीन उतरती, पडदा एका अंगाला कललेला. म्हणून त्या पलेटचं भोकही तिरपं. सगळ्या पलेटी एका डब्यात. खेळ नसला की ते केबिनच्या पायरीवर बसून त्या तेलाने पुसत आणि मला सांगत, "बहूजी, चित्राले ठाऊक नसते का आपला पडदा केवढा आहे. ते चालले जाते जिकडं जागा भेटन तिकडं. त्याले कड दाखवा लागते."

मी मान डोलवायची. मला त्यातलं काही कळत नव्हतं. चित्राला कड असते हेच माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आपण मध्येच तर बघतो.

दिवाळीला मी माहेरी, अमरावतीला गेले होते. तिथे भावाने नवं पिक्चर दाखवलं, रुंद पडद्याचं. स्कोप म्हणत त्याला. राजाची मिरवणूक निघते आणि पडद्याच्या दोन्ही टोकांना हत्ती झुलत असतात. इतकं रुंद चित्र मी कधी पाहिलं नव्हतं. मान डावीकडून उजवीकडे नेऊन नेऊन दुखली आणि बाहेर आल्यावर रस्ताच अरुंद वाटायला लागला.

तेच पिक्चर कापूस ऐन भरात असताना आमच्याकडे आलं. पहिल्या दिवशी फिल्मचे डबे आले पण ते चित्र पसरवणारी वेगळी काच बडनेऱ्याला राहिली. बाहेर फलक लागलेला, गर्दी जमलेली. कादरभाईंनी आपल्या नेहमीच्या काचेवर खेळ सुरू केला. पडद्यावर सगळी माणसं उभी ताणलेली, वेळूसारखी. राजा काडीपैलवान, हत्ती उंटासारखे. मागून कुणी तरी मोठ्याने विचारलं, "दुष्काळावरचं आहे का जी हे?" आत्याबाई नायिकेकडे बघून खरोखर कळवळल्या. "या पोरीले कोनी जेवाले देऊन नाही राहिलं वाटते."

दुसऱ्या दिवशी काच आली. आता चित्र पसरलं, आणि पडद्यात मावेना. डावीकडचे हत्ती बायकांच्या दारावर आणि भिंतीवर, उजवीकडचे 'थुंकू नका' या पाटीवर. कादरभाईंनी चित्र बारीक करून पडद्यात बसवलं, तर मध्ये एक निरुंद पट्टा आणि वरखाली काळोख. लोकांनी शिट्ट्या मारल्या. तिकीट पुरं घेता, मग अर्धं पिक्चर कुठी ठेवलं? शेवटी कादरभाईंनी नवी पलेट घासून दोन्ही बाजू छाटल्या. चित्र पडद्यात बसलं, लोक गप्प झाले. त्या संध्याकाळी त्यांनी मला गाठलं.

"बहूजी, अमरावतीले हत्ती किती दिसले?"

"चार. दोन्हीकडे दोन-दोन."

आमच्याकडे दीड दिसत होता. डावीकडे एक, आणि उजवीकडे एकाचं मागचं धूड.

दीड हत्तींची ही बातमी अमरावतीच्या टॉकीजवाल्यांपर्यंत पोचली कशी, ते मला ठाऊक नाही. माझ्या भावाच्या तोंडाला कुलूप नसतं, एवढंच मी सांगू शकते. बाजारात कुणी मामंजींना विचारलं, "शेटजी, बाकीचा हत्ती कोंडवाड्यात बांधला का?" मामंजी हसले, पण घरी येऊन जेवले नाहीत. आणि कादरभाईंनी त्यांना सांगितलं की, "अब पिच्चर काटना मेरे को नै जमता. पडदाच वाढवा."

भिंतीपासून भिंतीपर्यंत लाकडी सांगाडा ठोकला गेला. उजवीकडे दार नव्हतंच, पलीकडे विहीर होती. डावीकडचं दार सांगाड्याच्या मागे गेलं. त्याला गल्लीच्या बाजूने कुलूप लागलं, नाही तर फुकटे शिरून पडद्यामागून उलटं पिक्चर बघायचे. किल्ली आत्याबाईंच्या जुडग्यात. वर पांढरंशुभ्र नवं कापड ताणून बसवलं. त्यावर पहिल्यांदा चारही हत्ती आले तेव्हा टाळ्यांनी छतावरची रुई खाली झडली. आमच्या केसांवर, शांताच्या पोटावर. शांता हसत होती.

विरोध केला तो एकट्या आत्याबाईंनी.

"माह्या दुधाचं काय?"

"दूध गड्याले पाहू द्या," मामंजी म्हणाले.

"गडी कुठी आहे? सून आहे. ते पिच्चर पाहून राहिली."

आगीचा शब्द त्या संभाषणात कुणाच्याच तोंडी आला नाही. आगीची सोय होती की. लाल रंगाच्या, वाळूने भरलेल्या बादल्या भिंतीला टांगलेल्या होत्या आणि लोक त्यांत पान थुंकत.

आता बायकांनी कुठून जायचं, याचा नियम मामंजींनी केला. आधी बाया पुढच्या फाटकाने आत येऊन बसतील, मग पुरुष. सुटताना आधी सगळे पुरुष जातील, हॉल रिकामा होईल, मग बाया. नियम चांगलाच होता; गर्दीत धक्का लागायला नको हाच त्यात विचार. खेळ संपला की गयाबाई काळं कापड ओढून घ्यायची आणि म्हणायची, "बसा. माणसं निंगू द्या." आम्ही बसायचो. पलीकडे खुर्च्यांचा खडखडाट, खोकले, बिड्यांचा वास, मग हळूहळू शांतता. आणि समोर ती अख्खी पांढरी भिंत. चित्र नसलेला पडदा इतका वेळ बघत बसायची वेळ पूर्वी कधी आली नव्हती. त्याला ना दार, ना खिडकी, ना सुरुवात. एकदा शांता सहज म्हणाली, "वयनी, या कापडामागं दार आहे हे मले आता खरंच वाटत नाही."

मी हसले. पण त्यानंतर रोज ते दार नेमकं कुठे होतं हे मी नजरेने शोधायची आणि रोज ते मला वेगळ्या जागी वाटायचं.

पऱ्हाटीतला कापूस वेचून आलेल्या बायांच्या बोटांना बोंडांच्या काट्यांचे ओरखडे असत. त्या शेजारी येऊन बसल्या की त्यांच्या अंगाला उन्हाचा आणि सरकीचा वास यायचा. भोंगा झाला की जमीन थोडी थरथरे. हंगाम चढत होता. जिनाच्या अंगणातली कापसाची गंजी आता आमच्या पत्र्याच्या वर डोकावत होती. गच्चीवर कपडे वाळत घालताना मला ती दिसायची, दर दिवशी जराशी जवळ आल्यासारखी. रात्री गारठा, दुपारी कोरडं ऊन, आणि सगळीकडे ती रुई. तुळशीवर, वेलीवर, कावळ्याच्या चोचीला. मला तेव्हा ते सुंदर वाटलं होतं हे आठवलं की आज माझ्याच डोळ्यांचं नवल वाटतं.

आत्याबाईंनी मात्र दुधाचा प्रश्न सोडवला. एका दुपारी त्या खेळाच्या आधी टॉकीजमध्ये गेल्या आणि पडद्याच्या डाव्या अंगाची, दोन पन्ह्यांची शिवण माणूसभर उंचीपर्यंत उसवून आल्या. आणि उघडं दिसू नये म्हणून तिला पोलक्याचे हूक लावले. मध्यंतरात हूक काढून त्या पडद्याआड गेल्या, गल्लीकडचं कुलूप मी आधीच काढून ठेवलेलं ते दार ढकलून गल्ली ओलांडली, आणि दूध उतरवलं. परत येईतो खेळ सुरू झाला होता. पडद्यावर नायक बागेत गात होता. त्याच्या कोपरातून एक हात बाहेर आला, मग नऊवारीचा काठ, मग अख्ख्या आत्याबाई. पुरुषांच्या बाजूने अशा टाळ्या पडल्या की नायकाला कधी पडल्या नसतील. आत्याबाईंनी पदर सारखा केला, मागे वळून हूक लावले आणि येऊन बसल्या. "काय झालं मधात?" त्यांनी मला विचारलं.

असं आठवडाभर चाललं असेल. मग कादरभाई मामंजींकडे आले, डोळ्यांत पाणी आणून. "शेटजी, हीरोईन के गाल पे टाके दिसून राहिले. जसं काही डाक्टरनं शिवली." मामंजींनी स्वतः उभं राहून ती फट दाभणाने, दुहेरी सुतळीने शिवून घेतली आणि वरून पांढरा रंग मारला. गल्लीकडचं कुलूप पुन्हा लागलं. आत्याबाई त्यांना एवढंच म्हणाल्या, "ठीक आहे. तुमचं पिच्चर तुमाले लखलाभ. मी आता त्या टॉकीजात पाय नाही ठेवत." आणि जुडगं कमरेला खोचून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

त्यांचा रुसवा आम्हा सगळ्यांना विनोदी वाटला. मी अमरावतीला पत्रात तो रंगवून लिहिला.

ती दुपार इतर दुपारींसारखीच होती. शांता म्हणाली, हत्ती उद्या चालले, आज शेवटचे पाहू. आत्याबाई डाळ निवडत होत्या; त्यांनी मान वर केली नाही. आम्ही फाटकाने आत गेलो, शांता मला धरून, एक एक पाऊल. बाया बऱ्याच होत्या. पुरुष आले, दिवे गेले, गयाबाईने काळं कापड उघडलं.

मिरवणुकीचा प्रसंग सुरू होता तेव्हा भोंगा वाजला. अवेळी. एकदा वाजून थांबला नाही, वाजतच राहिला. शांता माझ्या कानात म्हणाली, "जिनाची पाळी सुटली का?" मी म्हटलं, "असेल." कपड्याला इस्त्री जास्त लागल्यावर येतो तसा एक वास आला. कुणी तरी खोकलं. मग मी सहज वर पाहिलं. मागच्या बाजूला, केबिनच्या अलीकडे, तरटाखालच्या त्या पांढऱ्या लवेवरून एक पिवळी रेघ चालली होती. मुंग्यांची रांग असते तशी. घाई नाही, आवाज नाही. जिनातली गंजी पेटली होती आणि ठिणगी फटीतून आत आली होती, हे नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की आमचा ढग कडेने पेटून राहिलाय.

पुरुष उठले. खुर्च्या पडल्या, आरडाओरडा झाला. पुरुष उठले की करायचं ते गयाबाईच्या हातांनी केलं. तिने काळं कापड सर्रकन ओढून घेतलं.

"बसा. माणसं निंगू द्या."

आणि आम्ही बसलो. यावर लोक विश्वास ठेवत नाहीत, पण आम्ही बसलो. कुणी पोरांना मांडीवर घेतलं, कुणी चपला शोधल्या. मी शांताचा पदर नीट केला आणि मग माझा. कापडापलीकडे धावपळ चालली होती, आणि आम्ही आमची पाळी यायची वाट बघत होतो, दवाखान्यात बसतात तशा. आज इतकी वर्षं मी तो क्षण हातात घेऊन बघते आहे. त्यात भीती सापडत नाही. शिस्त सापडते. भीती वाटण्यासारखं तेच आहे.

"वयनी," शांता म्हणाली, "माणसं निंगाले इतका वेळ काहून लागून राहिला?"

गयाबाईने कापड जरासं बाजूला करून पलीकडे पाहिलं. पुरुष बाहेर पडले होते, पण त्यांच्यामागे पेटलेलं तरट फाटकापुढे झुलत खाली आलं होतं. तिने कापड पुन्हा लावलं आणि आमच्याकडे वळली. गयाबाई बोलत नाही हे पाहून आम्ही सगळ्या एकदम उठलो.

चित्र चालूच होतं. धूर उजेडात निळा दिसत होता. आम्ही पडद्यावर हात मारायला लागलो. ताणलेलं कापड ढोलकीसारखं वाजे आणि परत जागेवर येई. आमच्या हातांवरून, पाठींवरून, तोंडांवरून राजाची मिरवणूक चालली होती. दार कुठे आहे? रोज नजरेने शोधलेलं दार मला सापडेना. जिथे शिवण असेल तिथे हत्ती होता. सुतळीच्या टाक्यांवर रंग इतका चांगला बसला होता की बोटांनाही ते लागेनात. शांता माझ्या पाठीला टेकून उभी होती आणि तिचं पोट मला लागत होतं. आत बाळ हललं, ते मला माझ्या पाठीवर कळलं.

मग हत्तीच्या पोटात एक उजेडाची रेघ उमटली.

खालून वर सरकत गेली. त्या रेघेतून कात्रीचं टोक दिसलं, मग कात्री, मग कात्री धरलेला, पिठाने माखलेला हात. रेघ फाकली, आणि मिरवणुकीच्या मधोमध आत्याबाईंचं तोंड आलं, मागे गल्लीतली लख्ख दुपार घेऊन.

"पाहून काय राहिल्या वं? निंगा."

बाया निघाल्या. एक एक करून चित्रात शिरल्या. प्रत्येकीच्या पाठीवर क्षणभर हत्तीची झूल यायची आणि मग ती बाई नसायची. शांताची पाळी आली तेव्हा फट अपुरी पडली. ती अडकली. आत्याबाई पलीकडून ओढत होत्या, मी अलीकडून ढकलत होते, आणि गयाबाईने ते कापड दातात धरून वरपर्यंत टर्रकन फाडलं. शांता बाहेर गेली. मी गेले. सगळ्यांच्या शेवटी गयाबाई.

गल्लीत आल्यावर गयाबाई दारात उभी राहिली आणि रोजच्या आवाजात हाका मारायला लागली. "लोहाराच्या घरचे. पाटलाच्या घरचे. मास्तराच्या घरचे." बाया रडत रडत ओ देत होत्या. सगळ्या घरांची ओ आली. आमच्या घरची मी दिली, दोघींची.

गल्लीत आता धुराची गडद सावली आली होती. फाटलेल्या पडद्यातून, उघड्या दारातून उजेडाचा एक पट्टा येऊन आमच्या घराच्या भिंतीवर पडला होता, आणि त्यात काही तरी हलत होतं. हत्तीचे पाय. फक्त पाय. ते चालतच होते. तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं की मशीन अजून चालू आहे, म्हणजे कुणी तरी ते चालवतं आहे, आणि केबिन फाटकावर आहे.

पट्टा विझला. थोड्या वेळाने कादरभाईंना लोकांनी वळसा घालून गल्लीत आणलं. त्यांनी दोन्ही हात पुढे धरले होते, ओंजळीत काही असल्यासारखे. केबिनच्या बाहेरच्या लोखंडी शिडीवरून ते उतरले होते, तापलेल्या. आत्याबाईंकडे बघून ते म्हणाले, "अंधेरा करता तो ये औरतें कैसे निकलतीं." आणि मग मामंजींना, अगदी हळू, "शेटजी, पडदा गया."

शांताला मुलगी झाली, मीना. कादरभाईंची बोटं आखडली ती आखडलीच. पुन्हा त्यांना कानस धरता आली नाही. पलेटींचा डबा माझ्याकडे आहे. मुलं लहान असताना त्यांतून माझ्याकडे बघायची. बार्शीटाकळीच्या पलेटमधून आई तिरपी दिसते म्हणायची. मामंजींनी टॉकीज पुन्हा बांधली तेव्हा पडदा दारापासून हातभर अलीकडे थांबवला. पुढची कित्येक वर्षं अकोल्याने दीडच हत्ती पाहिले आणि बाजारातल्या चेष्टेला मामंजी म्हणत, "हो जी. बाकीचे दारातून गेले."

आता मामंजी थकले. आत्याबाई गेल्या. टॉकीज चालवायला दिली आहे, आणि चालवणाऱ्या मुलांनी या हंगामात नवा पडदा लावला. त्यांचं काही चुकत नाही. ती मुलं तेव्हा पाळण्यात होती. बायकांची वेगळी बाजू गेली, काळं कापड गेलं, फळ्या गेल्या. बरंच झालं.

मीना दिवाळीच्या सुटीत आली आहे. तिला नवा पडदा बघायचा होता. आज दुपारी आम्ही निघालो तेव्हा तिने माझ्या पिशवीत डोकावून पाहिलं.

"मामी, कात्री कशाले?"

"सुपारीची पुडी फोडाले."

"तू तं सुपारी खातच नाही."

आत गेल्यावर मी तिकीट फाडणाऱ्या मुलाला विचारलं, "डावीकडचं दार कुठे आहे रे?"

तो नीट वागणारा मुलगा होता. "काकू, ते मागं गेलं. चित्र मोठं झालं ना आता."

मी मीनाला डाव्या अंगाला, पहिल्या रांगेत घेऊन बसले. इतक्या जवळून मान दुखेल, असं ती म्हणाली. दुखू दे म्हटलं. दिवे गेले. चित्र आलं. मी डावीकडे पाहिलं, कड शोधली. भिंतीचं टोक आलं तरी चित्र चालूच होतं. मागून येणाऱ्या झोतात कापसाचे तंतू तरंगत होते, अगदी संथ, आणि मीना हात वर करून ते पकडायला बघत होती.

मी पिशवी मांडीवर घेतली.